संध्याकाळचा सामना

जेवणाआधी सांगावं की जेवण झाल्यावर, एवढ्या एकाच गोष्टीचा विचार करत वरदा नॉटिंगहॅमहून कॉव्हेंट्रीला आली. काय सांगायचं याला पर्याय नव्हता. शुक्रवारी ती डॉक्टर होती त्याच हॉस्पिटलात तिच्या कन्सल्टंटनं, तिच्या वरिष्ठ डॉक्टरनं, गंधारचं हृदय तपासलं होतं. पडद्यावरचं चित्र पाहून तो खुर्ची सोडून उठला होता आणि त्यानं तिला बसायला सांगितलं होतं.

दार गंधारनंच उघडलं. सव्वीस वर्षांचा, साडेसहा फूट उंचीचा तिचा धाकटा भाऊ कुठल्याही दारात सवयीनं मान वाकवायचा, दार उंच असलं तरी. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बॅड?"

"आपण दोघं आधी बोलू या का? गाडीत बसून?"

"नको. सगळ्यांसमोर सांग. नाहीतर तुला चार टाइम्स सांगायला लागेल." तो हसला. "आणि मला मॅच आहे ताई, लवकर सांग."

आत गोळाभाताचा वास सुटला होता. हे जेवण आनंदाचं होतं. ऑलिंपिक लंडनला येणार म्हणून ग्रेट ब्रिटनचा बास्केटबॉल संघ नव्यानं उभा राहत होता, आणि त्याच्या उन्हाळी शिबिरासाठी गंधारला बोलावणं आलं होतं. बाबांची थोरली बहीण, शशीआत्या, त्यासाठी खास वॉटफर्डहून आली होती. नागपूरचा गोळाभात तिनंच सकाळी उठून केला होता, आईला स्वयंपाकघरात नुसतं उभं ठेवून.

बाबा, म्हणजे श्रीकांत देवपुजारी, खुर्चीत पुढे सरकून बहिणीला तेच सांगत होते जे तिनं शंभरदा ऐकलं होतं. पंचाहत्तर साली इथे आल्यावर पहिला सामना त्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये पाहिला, संघात दोन अमेरिकन आणि बाकीचे दिवसा शाळेत शिकवणारे मास्तर. जर्सीवर कुणा गॅरेजवाल्याचं नाव. मग ऐंशीच्या दशकात क्लबांनी आपली वेगळी लीग काढली, नव्वदच्या दशकात मोठमोठी अरीना भरली, टीव्हीवर सामने दिसू लागले. मग टीव्ही गेला, प्रेक्षक गेले, क्लब एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाडं हलवत राहिले, काही बुडाले.

"पण खेळ टिकला ना!" ते म्हणाले. "आणि आता देशाचा संघ. त्यात देवपुजारी! धरमपेठेतल्या सिमेंटच्या कोर्टावरून मी जिथवर बघू शकत नव्हतो, तिथे आपला गंधार—"

"बाबा," वरदा म्हणाली.

तिच्या आवाजानं आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

वरदानं उभ्याउभ्याच सांगितलं. महिन्यापूर्वी सरावात गंधार चक्कर येऊन खाली बसला होता. पाणी कमी पडलं, असं फिजिओ म्हणाला आणि गंधारनं तो किस्सा तिला फोनवर हसत हसत सांगितला. तिनं पिच्छा पुरवून त्याला तपासणीला आणलं. त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत हवी त्याच्या दुपटीहून जाड होती, तीही एकाच बाजूला, आणि एमआरआयमध्ये त्या भिंतीत व्रण दिसत होते. हा जन्मजात आजार होता. बरेच लोक त्याच्यासकट म्हातारे होतात. पण जोरात पळताना, दमलेलं असताना, ते हृदय अचानक भलत्याच तालात धडधडू लागू शकतं आणि थांबू शकतं.

"म्हणजे त्यानं खेळायचं नाही," ती म्हणाली. "आजपासून."

मग बाबा बोलले, आणि तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या माणसाच्या आवाजात बोलले.

"ॲथलीट्स हार्ट. रोज तीन-चार तास घाम गाळणाऱ्याचं हृदय जाड होणारच. तुमचे लोक सोफ्यावर बसणाऱ्यांची हृदयं बघतात आणि तीच नॉर्मल म्हणतात."

"ते सगळीकडून सारखं वाढतं, बाबा. त्यात व्रण नसतात. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच सांगतोय! माझा ईसीजी बघितलायस तू? ऐंशी साली नोकरीच्या मेडिकलला काढला होता. असा वेडावाकडा की टेक्निशियननं मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणलं. तेव्हापासून दरवेळी तसाच येतो. काय झालं मला? मे महिन्यात नागपूरच्या कोर्टावर खेळलोय मी, पायाखाली सिमेंट तव्यासारखं. साठीला आलो. मेलो का?"

ते विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहत होते. गंधारच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. वरदाला मात्र कळलं, आजार बाबांकडूनच आलाय. या क्षणापर्यंत हा आजार एकट्या गंधारपासून सुरू झाला असेल, अशी एक अंधुक शक्यता होती. ती आता बाबांनीच मोडून टाकली होती, आणि त्यांना वाटत होतं की आपण मुलाची बाजू जिंकून दिली.

"सी?" गंधार म्हणाला. "बाबांना पण आहे. फाइन आहेत ते."

"भात गार होतोय," आई म्हणाली. "वरदा, जरा आत ये. ताटं घ्यायची आहेत."

ताटं केव्हाच बाहेर गेली होती. आईनं, अनुराधानं, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आजच सांगायला पाहिजे होतं?"

"आई, तो आज खेळणार आहे."

"दोन महिन्यांत सीझन संपतो. शिबिर झालं असतं, एकदा देशाची जर्सी घातली असती—"

"तू हे बोलतेयस?" वरदाला खरंच वाटेना. गंधार व्यावसायिक खेळाडू झाला तेव्हापासून आई एकाही सामन्याला गेली नव्हती. तो युनिव्हर्सिटी सोडून बेल्जियमला खेळायला गेला तेव्हा तिनं बाबांशी अबोला धरला होता. नातेवाइकांनी मुलगा काय करतो विचारलं की ती विषय बदलायची.

"हो, मीच बोलतेय. मी त्या खेळाला सात वर्षं शिव्या घातल्या. त्यानं काहीतरी शिकावं म्हणून डोकं आपटलं. नाही शिकला. आता त्याला दुसरं काय येतं, सांग ना मला. तू त्याचा जीव वाचवशील गं. पण मग तो उठून जाईल कुठे रोज सकाळी?" तिनं डोळ्यांना पदर लावला नाही, नळ सोडला आणि स्वच्छच असलेलं पातेलं धुवायला घेतलं. "तू नॉटिंगहॅमला परत जाशील. घरात त्याच्यासमोर मी असणार आहे."

वरदानं पुढे होऊन नळ बंद केला. ती बाहेर आली तेव्हा शशीआत्या भात वाढत होती. गोळे फोडून, वरून फोडणीचं तेल घालून तिनं पहिलं ताट भावापुढे ठेवलं.

"श्री, गिरीशला काय झालं होतं रे?"

बाबांनी वर पाहिलं. "आत्ता त्याचं काय, ताई?"

"विचारून राहिले."

"काय झालं होतं म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे. ऊन लागलं त्याला."

गिरीशकाकाची गोष्ट या घरात कुणापासून लपवलेली नव्हती. बाबांचा धाकटा भाऊ. एकोणसत्तर सालच्या मे महिन्यात, एकोणिसाव्या वर्षी, आंतरक्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोर्टावर कोसळला आणि गेला. ऊन लागलं. वरदानं ते लहानपणापासून ऐकलं होतं. उन्हाळ्यात टोपी घाला, म्हणून सांगताना बाबा त्याचं नाव घ्यायचे. ती डॉक्टर झाली, हृदयाची डॉक्टर झाली, तरी तिच्याही मनात गिरीशकाका उष्माघातानंच गेलेला होता.

"सामना संध्याकाळचा होता," आत्या म्हणाली.

"ताई, नागपूरचा मे महिना..."

"दिवे लागले होते, श्री. दुपारी वळीव पडून गेला होता म्हणून कोर्ट पुसायला पोरं लावली होती. मी आईजवळ खुर्चीवर होते. वारा सुटला होता. ऊन कुठून आलं बाप्पा तिथे?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्याला त्याच्या आधीही चक्कर यायची," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आई त्याला लिंबूपाणी द्यायची. डॉक्टर आले ते म्हणाले ऊन लागलं, आणि आपण ऊन म्हणून राहिलो. इतकी वर्षं. मी पण."

"सो?" गंधार म्हणाला. तो अजून बसला नव्हता. "एक काका मेला आणि बाबा नाही मेले. फिफ्टी-फिफ्टी. मी किती मॅचेस खेळलो आत्तापर्यंत? शाळेपासून? काही झाला नाही."

"गंधार, ते असं मोजता येत नाही," वरदा म्हणाली. "आज होणार नाही, उद्या होईल. किंवा कधीच होणार नाही. कुणाला सांगता येत नाही, म्हणूनच."

"एक्झॅक्टली. कुणाला माहीत नाही." त्यानं कोपऱ्यातली बॅग उचलली. "तू कोचला सांगणार?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं. "मला तुझ्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. तू आमचा पेशंट आहेस."

"मग माझा परमिशन नाही."

"अरे, दोन घास खाऊन तरी जा," आई म्हणाली, आणि तिच्या तोंडून ते इतकं रोजच्यासारखं निघालं की गंधार क्षणभर घुटमळला. मग दाराकडे वळला.

"थांब," बाबा म्हणाले. ते हात न धुताच उठले होते. "मी सोडतो तुला."

मागे तिघी उरल्या. शशीआत्यानं भाताचं पातेलं झाकलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि वरदाच्या मनात आलं की आपण हरलो. बाप आणि मुलगा मिळून सामन्याला निघाले, जसे गेली पंधरा वर्षं निघत होते.

"चल," आई अचानक म्हणाली आणि खुंटीवरचा कोट काढू लागली. "मलाही यायचंय."

स्पोर्ट्स सेंटरमध्ये शेजारच्या तरणतलावाच्या क्लोरीनचा वास भरला होता. लॉबीत जुन्या दिवसांचा एक मोठा फोटो होता, काठोकाठ भरलेल्या अरीनाचा. आतला हॉल त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. घडीची बाकं, तीही अर्धी रिकामी. एक माणूस ढोल बडवत होता. कोर्टावर गंधारच्या क्लबचे, स्पायर्सचे, खेळाडू ओळीनं धावत येऊन बास्केटमध्ये चेंडू टाकत होते आणि त्यांच्या बुटांची करकर सगळीकडे घुमत होती. अनुराधा दारातच उभी राहिली. आपला मुलगा रोज जातो ती जागा ती पहिल्यांदा बघत होती, आणि ती एवढीशीच आहे याचं तिला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आत्यानं तिचा दंड धरला आणि तिला बाकावर बसवलं.

बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी, संघाच्या बाकामागे बसले होते. वरदा त्यांच्याजवळ गेली.

"गाडीत बोललात का त्याच्याशी?"

"आजच्या बचावाबद्दल, झोन डिफेन्सबद्दल बोललो," बाबा म्हणाले. ते कोर्टावरून नजर हलवत नव्हते. "दुसरं काही सुचेना."

"बाबा, मला कोचला सांगता येत नाही. तुम्हाला येतं."

"त्याची उडी बघ. अशी उडी गिरीशची होती. अगदी अशीच, डावा गुडघा वर घेऊन. मी इतकी वर्षं बघतोय आणि मला बरं वाटत आलंय. वाटायचं, काहीतरी परत आलं आपल्याकडे." त्यांचा आवाज फाटला. "परत काय आलं, ते मला कळलंच नाही गं."

गंधार धावत आला, चेंडू टाकला आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. सगळेच खेळाडू ठेवतात. पण पुढचा धावला, त्याच्या पुढचा धावला, आणि गंधार अजून वाकलेलाच होता. मग त्यानं मान वर केली. चेहरा राखेसारखा झाला होता. तो हसला आणि शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली.

बाबा उठले. बाकांमधून खाली उतरले आणि रस्त्यावरच्या बुटांनिशी सरळ कोर्टावर चालत गेले. कोर्टाच्या लाकडावर बाहेरचे बूट घेऊन कुणी पाऊल टाकलं तर कडाडून ओरडणारा तो माणूस होता. एक पंच शिट्टी वाजवत त्यांच्याकडे आला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. वरदा त्यांच्यामागे धावली.

"बाबा, गेट ऑफ द कोर्ट," गंधार हळू आवाजात म्हणाला.

"चल, घरी चल."

"बाबा, प्लीज. सगळे बघतायत."

"बघू देत." त्यांनी मुलाचं मनगट धरलं होतं, ते प्रेमानं धरलं होतं की नाडी बघायला, ते वरदाला कळेना. "ताई खरं बोलली. दिवे लागले होते. मला त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं, गंधार. आत्ता तुझं दिसलं तसंच. ऊन नव्हतं ते."

"मी ठीक आहे."

"तोही ठीक आहे म्हणाला होता."

कोच आला, केस पिकलेला एक उंच अमेरिकन. बाबांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. इंग्रजीत, एकेक शब्द वेगळा करून, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकांना सांगत असत तसं. माझ्या मुलाला हृदयाचा आजार आहे. तो खेळला तर इथे मरू शकतो. कोचनं गंधारकडे पाहिलं. अजूनही गंधार म्हणू शकला असता की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, आणि कोचला त्यावर विश्वास ठेवायचा होता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. गंधारनं तोंड उघडलं. मग त्याची नजर बाकांकडे गेली. तिथे त्याची आई उभी होती, कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावलेली, दोन्ही हात तोंडावर.

त्यानं बापाच्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि ड्रेसिंग रूमच्या दाराकडे चालू लागला. दारात त्यानं मान वाकवली.

निवेदकाला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. हॉलमधले दिवे मंद झाले, ढोल घुमला, आणि तो सुरुवातीच्या पाचांची नावं पुकारू लागला. चौथं नाव त्यानं नेहमीसारखं ओढून ओढून घेतलं, "गँडार... देव-पू-जारी!" टाळ्या झाल्या. प्रकाशाचा झोत दाराकडे वळला आणि तिथेच थांबला. कुणी धावत आलं नाही. टाळ्या थोडा वेळ चालू राहिल्या, मग विरळ झाल्या. बाबा अजून कोर्टाच्या कडेला उभे होते, त्या झोताकडे बघत.

एप्रिलमध्ये गंधारच्या छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली, एक यंत्र बसवलं. हृदय भलतीकडे गेलं तर झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं. क्लबनं त्याला लहान मुलांना शिकवायचं काम देऊ केलं, त्यानं नाही म्हटलं. पुढे दोन वर्षांत तो क्लबच बंद पडला, आधीचे इतके पडले तसा, पण तोवर देवपुजारींच्या घरात त्या खेळाचं कुणी नाव घेत नव्हतं. बाबांनी सामन्यांच्या टेपा आणि चषक पोटमाळ्यावर चढवून ठेवले. त्यांचंही हृदय तपासलं गेलं. जे निघायचं तेच निघालं. त्यांना गोळ्या सुरू झाल्या, त्या ते वेळेवर घेत आणि दिवसभर बागेतल्या खुर्चीत बसून राहत. गंधार त्यांच्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं आई फोनवर म्हणायची. तो जेवणाच्या टेबलावर मीठ मागायचा, तेवढंच. सकाळी अकरापर्यंत त्याच्या खोलीचं दार बंद असायचं, आणि अनुराधा जिन्यात उभं राहून कान द्यायची.

वरदाशी तो बोलतच नव्हता. ती शनिवारी घरी आली की तो बाहेर पडायचा. तिनं दोन-तीनदा फोन केला, त्यानं घेतला नाही. आपण त्याला जिवंत ठेवलं, हे ती मनाशी म्हणायची, आणि म्हणून झालं की ते वाक्य तिचं तिलाच पोकळ वाटायचं.

तिची स्वतःची तपासणी तिनं त्याच वर्षीच्या जूनपर्यंत पुढे ढकलली. तिच्या कन्सल्टंटनंच शेवटी तिला टेबलावर झोपवलं. त्या आठवड्यात ग्रेट ब्रिटनचं शिबिर सुरू झालं होतं. संध्याकाळी ती वॉर्डातून बाहेर पडली तेव्हा फोन वाजला आणि पडद्यावर गंधारचं नाव दिसलं. ती कार पार्कमध्ये जागच्या जागी थांबली.

"आई म्हणाली, तुझा पण स्कॅन होता आज."

"हो."

"काय आला?"

सकाळपासून ती या आनंदाची लाज बाळगून हिंडत होती.

"नॉर्मल," ती म्हणाली. "सगळं नॉर्मल आहे."

पलीकडे त्याच्या खोलीत पंखा चालू असावा, त्याची घरघर ऐकू येत होती.

"गुड," गंधार म्हणाला. "आय मीन इट. चांगला झाला." मग थोड्या वेळानं, अगदी लहानपणी काही न कळलेलं तिला विचारायचा त्या आवाजात तो म्हणाला, "पण ताई, तू तर कधी पळली पण नाहीस."

तो रागानं बोलला असता तर तिनं काहीतरी उत्तर दिलं असतं. ती नुसतीच फोन कानाशी धरून उभी राहिली. त्यानंही तो ठेवला नाही.